अर्धा भारा, अख्खा डोंगर

खारघरच्या सेक्टर १५ मध्ये, घरकुलातल्या एका इमारतीत, दोघी बहिणी राहायच्या. थोरली आणि धाकटी. गोष्टीला नावांची गरज नाही, आणि शेजारीपाजारीही त्यांना तशीच हाक मारायचे. आई पाच घरी पोळ्या लाटायची. वडील होते, पण असून नसल्यासारखे. त्यांच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे, आपणही नको बोलूया.

त्या घराचं एक माप होतं: झेपेल तेवढंच. भाडं, भिशी, गणपतीची वर्गणी, भाचीच्या बारशाची साडी, सगळ्याला हेच माप. मी त्याला नावं ठेवणार नाही. न झेपणारं ओझं ज्यांनी एकदा उचलून पाहिलेलं असतं, त्यांच्याच घरी हे माप सापडतं.

थोरलीने २०१९ च्या जुलैत इग्नूच्या, म्हणजे मुक्त विद्यापीठाच्या, बी.ए.ला नाव घातलं. एका मोठ्या दुकानात ती बिलाच्या काउंटरला उभी असायची, सकाळी अकरा ते रात्री आठ. काही दिवसांनी पुस्तकांचं खाकी खोकं पोस्टाने आलं. पोस्टमनने ते दारात टेकवलं तेव्हा धप्पकन आवाज झाला. आई पिठाचे हात तसेच धरून बघत राहिली. म्हणाली, "एवढं सगळं?" थोरलीने सुरीने चिकटपट्टी कापली, वरची दोन पुस्तकं काढून घेतली आणि खोकं पायाने पलंगाखाली सरकवलं.

"या वेळी दोनच पेपर देते," ती म्हणाली. "झेपेल तेवढंच."

इग्नूत ही मुभा आहे, आणि ती असायलाच हवी. जून आणि डिसेंबर, वर्षातून दोनदा परीक्षा. कोणत्या खेपेला किती पेपरांना बसायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. पदवी तीन वर्षांची, पण पुरी करायला सहा वर्षं मिळतात. थोरलीच्या बी.ए.चे पेपर होते चोवीस. दर खेपेला दोन म्हणजे वर्षाला चार, आणि सहा वर्षांत चोवीस. बरोब्बर! थोरलीने हा हिशेब एका कागदावर मांडून ठेवला होता आणि तो तिला फार आवडायचा. त्यात खोट एकच होती. सहा वर्षांत घरात कुणालाही एकदासुद्धा ताप येऊन चालणार नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण असं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं. पहिल्या खेपेला दोनांतला एक पेपर गेला. मग २०२० उजाडलं, जूनची परीक्षा पुढे ढकलली गेली, दुकान आधी बंद पडलं आणि उघडल्यावर दुप्पट राबवून घ्यायला लागलं. एका वर्षी आईला चिकुनगुन्या झाला आणि तिची पाच घरं थोरलीने सांभाळली. एकदा मामाच्या मुलीच्या हळदीचा आणि इतिहासाच्या पेपरचा दिवस एकच निघाला. हॉल तिकिटाची प्रिंट काढलेली होती. ती पुढे बरेच दिवस फ्रिजवर मॅग्नेटखाली राहिली. जून २०२२ ची परीक्षा झाली तेव्हा तीन वर्षं सरली होती आणि थोरलीचे सात पेपर सुटले होते.

कुणी विचारलं की ती म्हणायची, "बी.ए. चालू आहे." मग काही दिवसांनी, "सोडलेली नाही अजून."

आळशी म्हणावी तर तसंही नव्हतं. दोन पेपर द्यायलासुद्धा तिला सगळे सोपस्कार करावेच लागायचे. फॉर्म भरायचा, फी भरायची, असाइनमेंट हाताने लिहून वेळेत जमा करायच्या, सुपरवायझरचं तोंड बघत रजा मागायची, कापलेला पगार सोसायचा, हार्बरची गर्दी अंगावर घेत वाशीला केंद्रावर जायचं. पेपर संपला की पुस्तक परत पलंगाखाली. पुन्हा बाहेर काढायची वेळ येईपर्यंत आधीचं सगळं पुसून गेलेलं, मनही पुन्हा तापवायला लागायचं. गार झालेल्या तव्यावर रोज एकच पोळी टाकावी, तसा तो प्रकार.

आता धाकटीकडे येऊ.

मे २०२२ ची गोष्ट. धाकटीची बारावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. तिची एक मैत्रीण पोलीस भरतीसाठी पहाटे पळायची आणि धाकटी तिच्याबरोबर जायची, पळायला नव्हे, तिचा मोबाइल आणि चपला सांभाळायला. एके दिवशी मैत्रीण पळत लांब गेली आणि ही रमतगमत डोंगराच्या पायथ्याशी पोचली. वर फणसवाडी, चाफेवाडी आहेत. खाली एवढे टॉवर उभे राहिले, मेट्रोचे खांब आले, तरी वाडीवरच्या बायकांची पायवाट अजून तिथूनच उतरते.

एक म्हातारी दगडावर बसली होती. शेजारी खडकाला टेकून मोळी उभी केलेली. सुक्या फाट्यांची, माणसापेक्षा लांब, वेलाने दोन जागी करकचून आवळलेली. बेलपाड्याकडच्या जुन्या घरांतून अजून न्हाणीची चूल पेटते, तिथे ती जाणार होती. मांडीवर चुंबळ होती, जुन्या लुगड्याच्या पट्टीची, मधोमध घामाने काळी पडलेली.

"पोरी, हात लाव गं," म्हातारी म्हणाली.

तिने चुंबळ डोक्यावर बसवली आणि मोळीखाली खांदा घातला. धाकटीने दुसरं टोक धरलं. गुडघ्यापर्यंत आली, कंबरेपर्यंत आली, आणि तिथे धाकटीचे हात थरथरायला लागले. पुढच्या हातभर अंतरात मोळी एवढी जड झाली की आता सुटते, असं तिला वाटलं. "दम धर, दम धर," म्हातारी म्हणत होती. मग मोळी एकदाची डोक्यावर गेली, चुंबळीत बसली, आणि म्हातारीची मान ताठ झाली. मघाशी दगडावर वाकून बसलेली हीच का, असा प्रश्न पडावा इतकी ती सरळ उभी होती.

"आजी, एवढं जड कशाला आणता? अर्धंच आणायचं ना," धाकटी हात चोळत म्हणाली.

म्हातारी हसली नाही. तिने नुसतं विचारलं, "भारा आर्धा केला तर डोंगर आर्धा व्हतो का?"

धाकटी गप्प.

"दोनदा चडायचं, दोनदा उतरायचं. दुसऱ्या खेपेला ऊन वर येतं. आनि दुसरी खेप व्हतेच असं बी नाय."

"पण मी इथे नसते तर? एकटीने कशी चढवली असती?"

"येकटीनं चडतच नाय. वर सुनेनं हात लावला, हितं तू लावलास. कोन तरी लागतंच." एवढं बोलून ती चालायला लागली. मग काय मनात आलं कोण जाणे, मोळीसकट सावकाश वळून म्हणाली, "सून बाळंतीन व्हती तवा सा म्हयने तिला भारा दिला नाय मी. ते निराळं."

आणि गेली.

बारावीचा निकाल लागला. पुढच्या महिन्यात धाकटीनेही इग्नूलाच नाव घातलं, कारण कॉलेजात बसायला दिवस मोकळा लागतो आणि तिला झेरॉक्सच्या दुकानात काम मिळालं होतं. फॉर्म भरताना तिने छापील पुस्तकं नकोत म्हणून खूण केली, त्याची फीमध्ये सूट मिळते. पुस्तकं घरातच होती, पलंगाखाली. अभ्यासक्रम तोच. तिने खोकं ओढून बाहेर काढलं. काही पुस्तकांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.

"मी वर्षाचे आठही देणार," ती म्हणाली.

आई म्हणाली, "ताईसारखे दोन-दोन दे. उगाच डोक्याला ताप नको."

थोरली काहीच बोलली नाही. तिला राग आला होता. धाकटीने थोरलीच्याच दुकानाचं एक बिल उलटं केलं आणि मागे लिहायला लागली. तुझे राहिले सतरा. तुझ्या हातात परीक्षा राहिल्या सहा, २०२५ च्या जूनपर्यंत. दर वेळी दोन दिलेस तर होतात बारा. पाच उरतात.

"तुला काय जातंय बोलायला," थोरली म्हणाली आणि बिल फाडून टाकलं. दोन दिवस दोघी बोलल्या नाहीत. एका खोलीच्या घरात दोन दिवस न बोलणं किती कठीण असतं, ते तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही.

इथवर ऐकून कुणाला वाटेल की आता धाकटी जिद्दीने अभ्यास करते आणि पहिल्याच झटक्यात बाजी मारते. तसं काही झालं नाही. पहिल्या परीक्षेला ती चार पेपरांना बसली आणि तिची पार दैना उडाली. सकाळी साडेपाचला पाणी यायचं, ते भरायचं, डबा करायचा, दहा ते सात दुकान, घरी आलं की टीव्ही आणि शेजारच्या पोरांचा गोंधळ, आणि रात्री दहाला पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे. असाइनमेंट तिने शेवटच्या चार रात्रींत खरडल्या. चारांतला एक पेपर गेला. निकाल मोबाइलवर बघून ती दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन रडली. पुढच्या खेपेला दोनच द्यायचे, असंही तिने ठरवून टाकलं. घराचं माप रक्तात असतं.

तिच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गुरुजी राहायचे, मूळचे साताऱ्याकडचे. आईच्या पाच घरांपैकी एक त्यांचं. आईने पोळ्या लाटता लाटता लेकीचं रडगाणं सांगितलं. गुरुजींनी धाकटीला बोलावून घेतलं आणि आधी हिशेबच मांडला.

"एकूण क्रेडिट किती?"

"१३२."

"एका क्रेडिटला तुमचं विद्यापीठ अभ्यासाचे तीस तास धरतं. म्हणजे झाले ३,९६०. तीन वर्षांत वाटले तर दिवसाला साडेतीन तासांच्या थोडं वर. यात रविवार आला, दिवाळी आली, तापही आला." त्यांनी चष्मा काढला. "तुझ्याकडे रोजचे किती आहेत?"

धाकटीने बराच विचार केला. "एक. तोही झोपेतला."

"मग तू कमी पडलीस असं का म्हणतेस? तास कमी पडले. ते कुठून आणायचे ते बघू."

मला या गोष्टीतली सगळ्यात आवडती जागा हीच. भार कमी कर असं गुरुजी म्हणाले नाहीत, हिंमत धर असंही म्हणाले नाहीत. धाकटीला तेव्हा डोंगराखालची म्हातारी आठवली. कंबरेपासून डोक्यापर्यंतचं ते हातभर अंतर आठवलं.

पहिला तास थोरलीने दिला. तिची ड्यूटी अकराची, त्यामुळे सकाळचं पाणी आणि डबा तिने आपल्याकडे घेतला. तोंडाने काही कबूल केलं नाही, फक्त एके सकाळी धाकटी उठली तर पिंप भरलेलं होतं.

दुसरा तास झेरॉक्सच्या काकांनी दिला, आणि तो मागायला धाकटीला आठवडा लागला. दुपारी दोन ते सव्वातीन दुकानात माशी नसते. त्या वेळात ती मागे कागदांच्या गठ्ठ्यांवर बसून वाचायची, काका पुढे बसायचे. काकांचं एकच म्हणणं होतं, की कॉलेजांच्या परीक्षांच्या दिवसांत मात्र दांडी नको, कारण तेव्हाच धंदा. त्या दिवसांत पोरांची रांग लागायची. कुणाला हॉल तिकीट, कुणाला केटीच्या विषयाचे 'इम्पॉर्टंट' प्रश्न. नव्या शैक्षणिक धोरणाने आता कॉलेजातल्या मुलांनाही दर सत्राला वीस-बावीस क्रेडिट लावली आहेत आणि वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची मुभा दिली आहे. मिळवलेली क्रेडिट बँकेत सात वर्षं जपून राहतात, असंही काउंटरवर उभी पोरं एकमेकांना सांगायची. काका ऐकायचे आणि म्हणायचे, "बँकेत ठेवलेलं काढायला परत जातं कोण ते सांगा." काकांचा स्वतःचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षावर थांबलेला होता.

तिसरा तास, किंवा सव्वा तास म्हणा, गुरुजींच्या हॉलमध्ये. ते शिकवत वगैरे नसत. संध्याकाळी साडेसात ते पावणेनऊ टीव्ही बंद ठेवून पेपर वाचत बसायचे, एवढंच. पण घरात टीव्ही बंद ठेवणं ही केवढी मोठी देणगी, हे गुरुजींच्या बायकोला विचारा.

एकदा धाकटीने त्यांना विचारलं, "तुम्ही आमच्यासाठी एवढं का करता?"

गुरुजींनी भिंतीवरच्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या फोटोकडे बोट केलं. "अण्णांनी १९१९ ला कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग. गावोगावची पोरं गोळा केली, सगळ्या जातींची. त्यांच्या पोटाला घालायला अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. मी फार पुढचा. अण्णा १९५९ ला गेले, मी त्यानंतर आलो. पण रीत तीच होती. सकाळी शेतात काम, मग वर्ग. कमवा आणि शिका. तू गरीब आहेस, तुला काम असतं, तेव्हा तू निम्माच अभ्यास कर, असं मला तिथे कुणी म्हटलं नाही. जेवायला घातलं, कंदील दिला आणि सगळे विषय घ्यायला लावले."

गोष्टीतून जरा बाहेर येऊन सांगतो. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज म्हणून दोन वर्षांची स्वस्त कॉलेजं असतात. नोकरी करणारी, गरिबाघरची मुलं तिथे जातात, दोन-तीन विषय घेतात, आणि आपल्या थोरलीसारखीच मधे कुठेतरी अडकतात. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली एक योजना सुरू केली. अट घातली की प्रत्येक सत्राला पूर्ण विषय घ्यायचे. आणि अट घालून हात झटकले नाहीत. बस-भुयारी रेल्वेचा पास फुकट, पुस्तकांचा खर्च, उरलेली फी माफ, आणि वरचेवर भेटणारा एक हक्काचा सल्लागार. २०१५ मध्ये या योजनेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. योजनेतल्या शंभरांपैकी चाळीस जणांनी तीन वर्षांत पदवी घेतली होती, आणि योजनेबाहेरच्या तशाच शंभरांतल्या बावीस जणांनी. मुलं तीच, कॉलेजंही तीच. वाडीवरच्या म्हातारीला हे आकडे सांगितले असते तर तिला त्यात नवल वाटलं नसतं. चुंबळ दिली आणि हात लावला, एवढंच त्या लोकांनी केलं. आपल्याकडे मुलांना 'पूर्ण विषय घ्या' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पास काढून देणारे मोजके. आणि दुसऱ्या बाजूचे, 'तुला नाही झेपणार, दोनच घे' म्हणणारे प्रेमळ लोक तर घरोघर आहेत. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही.

असो. थोरलीचं काय झालं?

ती गुरुजींकडे आपण होऊन गेली नाही. एका सोमवारी तिची सुट्टी होती आणि धाकटीचा डबा द्यायच्या निमित्ताने ती दारात उभी राहिली. गुरुजी म्हणाले, "आत ये, पंखा इकडेच आहे." ती बसली. पुढच्या सोमवारी स्वतःचं पुस्तक घेऊन बसली. फाडलेल्या बिलावरचा हिशेब ती विसरलेली नव्हतीच. सतरा पेपर, सहा परीक्षा. तीन, तीन, तीन, तीन, तीन, दोन.

तिला मात्र तासांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा भार होता. ती चोवीस वर्षांची झाली होती आणि मामा दर महिन्याला एक स्थळ आणत होता. पोहे, साडी, रजा, पुन्हा पगारात कपात. एकदा मामा फोटो घेऊन आला तेव्हा आईने चहा पुढे केला आणि पिठाचे हात पुसत म्हणाली, "दादा, २०२५ च्या जूनपर्यंत स्थळ आणू नकोस." मामा म्हणाला, "वय निघून जाईल." आई म्हणाली, "वय तसंही जातंच आहे." या बाईने आयुष्यात थोरल्या भावाला उलट उत्तर दिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. ती परत ओट्याकडे वळली आणि त्या दिवशी तिच्या पोळ्या जरा जाडच झाल्या.

तीन पेपर द्यायला लागल्यावर थोरलीला एक गंमत कळली. रजा मागताना सुपरवायझरचं तोंड जेवढं वाकडं व्हायचं तेवढंच वाकडं होत होतं. फॉर्म भरायला तेवढीच खटपट. एका दिवशी तर सकाळी दहा ते एक एक पेपर आणि दुपारी दोन ते पाच दुसरा, म्हणजे एका रजेत दोन कामं. मधल्या तासात दोघी बहिणी केंद्राच्या जिन्यात बसून मेथीच्या पोळ्या खायच्या. एक विषय वाचताना दुसऱ्याची आठवण निघायची, इतिहासातलं राज्यशास्त्रात भेटायचं. तवा तापलेला राहायचा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. पहिल्या रविवारी अख्खं खारघर तिच्यात बसायला लोटलं होतं, या दोघी मात्र गेल्या नाहीत, डिसेंबर तोंडावर होता. धाकटीला त्याची चुटपुट अजून आहे.

जून २०२५ च्या परीक्षेनंतर धाकटीचे चोवीसच्या चोवीस सुटले. पहिल्या खेपेला गेलेला पेपर तिने मधेच एकदा पाच देऊन भरून काढला होता. थोरलीचा एक राहिला. इंग्रजीचा, आणि थोडक्यात गेला. सहा वर्षांची मुदत संपली होती, म्हणून पुन्हा नोंदणीचे पैसे भरावे लागले. मामाने तोंड उघडलं होतं, पण आईकडे बघून मिटलं. काकांनी फॉर्मच्या प्रिंटचे पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "एकाच पेपरची काय प्रिंट, ती हिशेबात धरत नाही मी."

दिवाळी झाल्यावर एका पहाटे धाकटी थोरलीला घेऊन डोंगराखाली गेली. तीन-साडेतीन वर्षांत ती बऱ्याचदा तिथे डोकावून आली होती, पण म्हातारी पुन्हा भेटली नव्हती. त्या दिवशी मात्र ती दगडावर बसलेली होती. अंगाने आणखी वाळलेली. मोळी खडकाला टेकलेली, चुंबळ मांडीवर.

"आजी, ओळखलंत का? मी हात लावला होता तुम्हाला," धाकटी म्हणाली.

म्हातारीने डोळे बारीक केले. "रोज कोन ना कोन लावतं. कुनाकुनाची वळख ठेवू?"

धाकटीने सांगून टाकलं की मी बी.ए. झाले, सगळे पेपर एकदम घेतले, तुम्ही म्हणाला होतात म्हणून. म्हातारीने ऐकून घेतलं. पेपर म्हणजे काय हे तिला विचारावंसं वाटलं नसावं. तिचं लक्ष थोरलीकडे होतं.

"हिचं काय?"

"एक राहिलाय," थोरली म्हणाली.

"मंग बस नको, ऊन व्हईल," म्हातारी म्हणाली आणि चुंबळ डोक्यावर ठेवून उठली. "आज दोघी हाव, बरं झालं. हात लावा."

थोरलीने आयुष्यात पहिल्यांदा मोळीला हात घातला. कंबरेपाशी आल्यावर तिचेही हात थरथरले. "दम धर, दम धर," धाकटी म्हणाली. मोळी वर गेली, बसली. म्हातारीने मान ताठ केली आणि बेलपाड्याच्या दिशेने चालायला लागली. थोरलीच्या तळहातात एक बारीक फास घुसली होती. परतताना ती चालता चालता नखाने काढत होती.